बिल्ला टोयोटाचा, इंजिन सुझुकीचं

दसरा जवळ आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मारुती घेऊ नका, डोळे झाकून टोयोटा घ्या. टोयोटाचं इंजिन दुप्पट चालतं. कंपनी वॉरंटी उगाच जास्त देत नाही. मारुतीच्या गाड्या सारख्या परत बोलावतात. टॅक्सीवाले इनोव्हाच का घेतात ते बघा. आणि जुनी घ्यायची झाली तरी टोयोटाच घ्या. त्यातला एकेक मुद्दा घेऊ.

"टोयोटाचं इंजिन दुप्पट चालतं."

कुठल्या गाडीचं? दहा लाखांच्या आत टोयोटाच्या शोरूममध्ये समोर येते ती ग्लान्झा, आणि ग्लान्झा म्हणजे २०१९ पासून मारुती सुझुकीची बलेनोच. तेच सुझुकीचं ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं के-सिरीज इंजिन, तोच पाच गिअरचा मॅन्युअल किंवा एएमटी (क्लच आपोआप दाबणारा) गिअरबॉक्स, तोच सांगाडा. जाळी, बंपर, बिल्ला आणि फीचर्सची थोडी मांडणी वेगळी. तसंच टोयोटाची टायझर म्हणजे मारुतीची फ्रॉन्क्स आणि रुमियन म्हणजे अर्टिगा. एकच इंजिन बिल्ला बदलल्यावर दुप्पट कसं चालेल, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

पुढची गंमत टोयोटाच्या हायरायडर आणि मारुतीच्या ग्रँड विटाराची. या दोन्ही गाड्या बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात तयार व्हायला लागल्या. पण माइल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या मोटरची नुसती मदत) घेतलीत तर टोयोटाच्या बिल्ल्याखालीसुद्धा सुझुकीचं १४६२ सीसीचं इंजिन मिळतं. उलट ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ नुसत्या मोटरवर चालणारी) घेतलीत तर मारुतीच्या बिल्ल्याखाली टोयोटाचं तीन सिलिंडरचं १४९० सीसीचं इंजिन आणि टोयोटाचीच हायब्रिड यंत्रणा मिळते. म्हणजे मेसेज वाचून टोयोटाची माइल्ड घेणाऱ्याच्या पदरात सुझुकीचं इंजिन पडतं.

टिकाऊपणाची खरी तुलना करायची तर ती इथं, एकाच नावाच्या माइल्ड आणि स्ट्राँग गाड्यांत. स्ट्राँग हायब्रिडमध्ये क्लच प्लेट नाही, वेगळा स्टार्टर मोटर नाही, नेहमीचा आल्टरनेटर नाही. ब्रेकचं बरंच काम मोटरच करते, त्यामुळे ब्रेक पॅड जास्त पुरतात. झिजणारे भाग कमी. पण हाय व्होल्टेज बॅटरी हवेवर थंड होते, आणि मागच्या सीटजवळची तिची हवेची जाळी पोत्यांनी किंवा चादरीनं झाकली, धुळीनं चोंदली, की बॅटरी तापते आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यानं ही जाळी प्रत्येक सर्व्हिसला साफ करायला सांगावी. न सांगता होईलच असं नाही. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी दोन्ही बिल्ल्यांना आहे.

एएमटीचं दुखणं वेगळं. आत मॅन्युअलसारखीच कोरडी क्लच प्लेट असते, फक्त ती पायाऐवजी ॲक्चुएटर नावाचं यंत्र दाबतं. जोतिबाच्या चढावर यात्रेच्या गर्दीत ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की प्लेट अर्धवट लागलेल्या अवस्थेत घासत राहते. आधी जळका वास येतो, मग गाडी उचलताना थरथरते, मग खर्च. बलेनो असो वा ग्लान्झा, हे होणारच. चढावर ब्रेक किंवा हँडब्रेक लावून थांबा.

तेलाचंही तसंच. या नव्या के-सिरीज इंजिनांना ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ तेल लागतं. "आपल्याकडच्या उन्हाला जाड तेल बरं" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतून देणारे मेस्त्री आहेत. या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ तेलाच्या दाबावर बदलते. जाड तेल तिथं वेळेवर पोचत नाही, ॲव्हरेज पडतं आणि थंड इंजिन खडखडतं. ग्रेड पुस्तकात बघा आणि बिलावर लिहून घ्या.

"वॉरंटी जास्त म्हणजे गाडी पक्की."

एकेकाळी फरक होता: मारुती २ वर्षं किंवा ४० हजार, टोयोटा ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. जुलै २०२४ पासून मारुतीचीही ३ वर्षं किंवा १ लाख झाली. मेसेज जुना आहे, एवढंच. शिवाय क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, वायपर असल्या झिजणाऱ्या भागांना वॉरंटी लागत नाही, आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरिंगलाही नाही. उसाच्या फडाजवळ गाडी लावणाऱ्यांना हा खर्च इंजिनाच्या खर्चाआधी येतो. विमा घेताना उंदरांचं नुकसान त्यात धरलंय का, ते विचारून घ्या.

"मारुतीच्या गाड्या सारख्या परत बोलावतात."

जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलर तपासायला मारुतीनं १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्यात बलेनो आणि ग्रँड विटाराही होत्या. त्याच महिन्यात टोयोटानं त्याच भागासाठी १,३९० ग्लान्झा आणि हायरायडर बोलावल्या. दोन्हीकडच्या गाड्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या. मारुतीचा आकडा मोठा, कारण मारुतीच्या गाड्याच जास्त खपतात. खराब भाग फुकट बदलून मिळतोय यात वाईट काय, हा वेगळाच प्रश्न. १७ अक्षरी चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की आपली गाडी यादीत आहे का ते कळतं.

"टॅक्सीवाले इनोव्हाच घेतात."

बरोबर आहे. पण ज्या इनोव्हानं हे नाव कमावलं ती २००५ ते २०१६ ची अडीच लिटर डिझेल, शिडीसारख्या चॅसिसवर बसवलेली, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. ग्लान्झा पेट्रोल किंवा सीएनजी, पुढच्या चाकांवर चालणारी, वेगळी चॅसिस नसलेली छोटी गाडी. आडनाव एक म्हणून पुतण्याला काकाची ताकद येत नाही.

मग बलेनो की ग्लान्झा? ऑन-रोड किंमत, वाढीव वॉरंटीचा दर आणि तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती लांब, एवढंच बघा. गारगोटी किंवा चंदगडकडच्या माणसाला तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. दोन्हीकडून १०, २० आणि ४० हजार किलोमीटरच्या सर्व्हिसचा लेखी अंदाज मागा. त्यात इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग घुसवलं असेल तर पुस्तकातल्या वेळापत्रकाशी ताडून बघा. तिथं नसेल तर खोडायला सांगा. क्लच सेट आणि पुढच्या बंपरची किंमतही दोन्ही काउंटरवर विचारा. वस्तू सारखी असली तरी दर सारखा असेलच असं नाही.

"जुनी घ्यायची तरी टोयोटाच."

एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, जुनी गाडी बघताना बिल्ला सगळ्यात शेवटी बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी गाड्यांत शिरलं, आणि पावसाळ्यात गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला आजही पाणी येतं. इंजिनानं हवेच्या नळीतून पाणी ओढलं की ते दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा स्टार्ट केली तर हमखास. पुढचे सीट बेल्ट पूर्ण टोकापर्यंत ओढा: तळाच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या रुळांचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे कनेक्टर टॉर्च लावून बघा. बाकी गाडी चकचकीत आणि तिथंच गंज असेल, तर सर्व्हिस हिस्टरी मागा. पुराच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टनंतर लगेच इंजिन किंवा ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) काम निघालं, तर सौदा सोडा.