तिथे मॉल, इथे गॅलरी

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर १९९१ चा वार्षिक फड रंगतो. २४ जुलैला कुणीतरी मनमोहन सिंगांच्या त्या अर्थसंकल्पाचा फोटो टाकतो, ‘या माणसाने देश वाचवला’. लगेच दुसरा म्हणतो, श्रेय नरसिंह रावांचं, त्यांना कुणी विचारत नाही. तिसऱ्याच्या मते देश विकायला काढला तो तेव्हापासूनच. चौथा या भानगडीत पडत नाही. एसटीडी बूथची पिवळी पाटी, कॅसेट आणि पेन्सिल असा फोटो टाकून ‘काय दिवस होते’ म्हणत मोकळा होतो. मी हे सगळं जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये बसून वाचतो. तोंड उघडलं तर ‘तू बाबा युरोत कमावतोस, तुला काय कळणार’ हे ठरलेलं उत्तर मिळतं.

मला ते उत्तर झोंबतं, पण खोटं म्हणवत नाही. त्या दशकाच्या लाभार्थींच्या यादीत माझं नाव बरंच वर आहे. इंजिनिअर झालो तेव्हा वायटूकेची, म्हणजे २००० साली संगणकांच्या तारखा बिघडतील म्हणून चाललेल्या दुरुस्तीची लाट होती, पुण्यात नोकरी सहज लागली. २००० साली जर्मनीने संगणकवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं, त्यावर इकडे आलो. त्याच वर्षी नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत युर्गेन रुटगर्स हे पुढारी ‘भारतीय कशाला आणता, आपली पोरं शिकवा’ असा प्रचार करत होते. ते निवडणूक हरले, आम्ही आलो.

१९९१ बद्दल माझं मत साधं आहे. परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, ४७ टन सोनं परदेशात गहाण पडलेलं. तिजोरीत खडखडाट असताना फारसे पर्याय नव्हतेच. दार उघडावं लागणार होतं. ते उघडताना दाराआड कोण चेंगरलं आणि त्याला काय मिळालं, हे मात्र आमच्या ग्रुपवर कधी निघत नाही. मी राहतो त्या शहरात दुसरा विषय निघत नाही.

पूर्व जर्मनीचं नव्वदचं दशक आपल्यासारखंच होतं, फक्त अंगावर एकदम कोसळलेलं. ९ ऑक्टोबर १९८९ ला याच लाइपझिगमध्ये सत्तर हजार लोक कम्युनिस्ट सरकारविरोधात रस्त्यावर उतरले. गोळी सुटली नाही, आणि महिन्याभरात बर्लिनची भिंत गेली. १ जुलै १९९० ला पश्चिमेचा मार्क आला. पगार एकास एक दराने बदलून मिळाले. लोकांनीच मागितलं होतं ते. पण त्याच दिवसापासून इथल्या कारखान्यांना पश्चिमेच्या चलनात पगार द्यावे लागले, आणि पूर्व युरोपातलं हक्काचं गिऱ्हाईक हातचं गेलं. ३ ऑक्टोबरला देश एक झाला. आठ हजारांहून जास्त सरकारी कंपन्या, त्यांतले सुमारे चाळीस लाख कामगार, हे सगळं ट्रॉयहांड नावाच्या संस्थेच्या हवाली झालं. काम एकच, विका. विकलं जात नसेल तर टाळं लावा. तिचे प्रमुख डेटलेफ रोवेडर यांना १ एप्रिल १९९१ ला राहत्या घरी गोळी घालून मारण्यात आलं, तरी काम थांबलं नाही. १९९४ च्या अखेरीस संस्थेने गाशा गुंडाळला तेव्हा तोटा दोनशे अब्ज मार्कांच्या वर होता. विकल्या गेलेल्या उद्योगांत पूर्वेच्या लोकांच्या हाती लागलं ते पाच टक्क्यांच्या आसपास.

आता गिरणीकडे येतो, कारण हे सगळं मला कळलं ते तिथे.

शहराच्या पश्चिमेला लिंडेनाऊ भागात १८८४ सालची एक सूतगिरणी आहे. एके काळी युरोप खंडातली सगळ्यात मोठी म्हणवली जायची. लाल विटांच्या चार-चार मजली इमारती, पुरुषभर उंचीच्या खिडक्या, इमारतींच्या मधून गेलेले मालगाडीचे रूळ. बाजूला कामगारांची घरं, त्यांच्या भाजीच्या बागा, पोरांसाठी पाळणाघर. १९९३ च्या सुमारास सूत निघायचं थांबलं. आज तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आणि गॅलऱ्या आहेत. निओ राउख या नामवंत चित्रकाराचा स्टुडिओही तिथेच. गॅलऱ्या एकत्र उघडतात त्या शनिवार-रविवारी लोक हातात वाइनचा ग्लास घेऊन रुळांवरून फिरतात.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी या गिरणीत रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर होत्या. मी मुंबईचा म्हटल्यावर त्यांनी हवामान विचारलं नाही की योगा विचारला नाही; थेट विचारलं, ‘तुमच्याकडच्या गिरण्यांत बायका कुठल्या खात्यात असायच्या?’ वाईंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, मी म्हटलं. एवढं मला ठाऊक होतं, कारण माझा मामा परळच्या एका गिरणीत साचेवाला होता आणि मामीची आई वाईंडिंगला. रातपाळी, बदली, भोंगा, गाळ्यात पाळीने झोपणारे पंधरा-वीस जण, खाणावळीचा डबा. आजी बारकाईने विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आणि बंद पडली तेव्हा जमीन कुणाला गेली?’

वीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही मराठी माणसाने विचारलेला नाही.

आपल्याकडे गिरणी म्हटलं की लोक संपावर येऊन थांबतात. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, कधीच रीतसर मागे न घेतला गेलेला संप. दोष सामंतांचा की सरकारचा, यावर चहाचे कप रिकामे होतात. पण गिरणगावचा खरा व्यवहार झाला तो त्यानंतरच्या दशकात, आणि त्याची सुरुवातही १९९१ चीच. त्या वर्षी मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. सुमारे सहाशे एकर जमीन होती ती, शहराच्या ऐन मध्यावर. १९९७ च्या जानेवारीत सामंतांचा खून झाला. २००१ साली राज्य सरकारने नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारतींखालची जमीन हिशोबातून बाहेर. गिरणी म्हणजे बहुतेक इमारतीच असतात, हे बदल करणाऱ्यांना माहीत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगार आणि शहराच्या बाजूने कौल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. घरांसाठी गिरणी कामगारांचे अर्ज दीड लाखाच्या आसपास आले आणि घरं मिळाली ती काही हजारांना. मामाने अर्ज भरला होता. नव्वदच्या दशकात तो अंधेरीच्या एका सोसायटीत वॉचमन होता. तो गेला तेव्हा अर्ज लॉटरीतच होता.

इथल्या गिरणीत मामेभाऊ आला होता, त्याला वाटलं मी गॅलरी कौतुकाने दाखवतोय. खरं सांगायचं तर कौतुक थोडं होतंही. इमारती उभ्या आहेत, चिमणीला हात लावलेला नाही, गिरणीचा इतिहास लोकांना दाखवला जातो. पण कामगार इथूनही गेलेच. लाइपझिगची लोकसंख्या १९८९ ला सव्वापाच लाखांच्या वर होती, १९९८ ला चार लाख सदतीस हजारांवर आली. तरणीताठी माणसं पश्चिमेला गेली, मागे रिकाम्या इमारतींच्या रांगा उरल्या. आता शहर पुन्हा सहा लाखांच्या पुढे गेलंय, आणि त्या भरतीत माझ्यासारखे बाहेरचे बरेच आहेत. तेव्हा ‘जर्मनीत बघा कसं जपलं’ ही पोस्ट माझ्याकडून कुणी अपेक्षू नये. फरक जपणुकीत नाही. इथे ट्रॉयहांडवर १९९३-९४ मध्ये संसदेची चौकशी समिती बसली, तीस वर्षांनी ट्रॉयहांडचे कागद अभ्यासकांना खुले झाले, आणि कुठला कारखाना कुणाला विकला यावर आजही प्रचारसभेत भांडणं होतात. २००१ चा तो बदल कुणाच्या सहीने झाला, हे आमच्या ग्रुपवर किती जणांना सांगता येईल?

त्या दशकाने दिलंही पुष्कळ. पूर्वेच्या लोकांना पासपोर्ट मिळाला, कोळशाच्या खाणींचे खड्डे भरून लाइपझिगच्या दक्षिणेला तळी झाली. आपल्याकडे १४ जानेवारी १९९४ ला, ठरावानंतर सोळा वर्षांनी का होईना, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. ७३ व्या घटनादुरुस्तीने बायका सरपंच झाल्या. सुरुवातीला सही नवऱ्याची असायची हे खरं, पण पुढे नवऱ्यांना बाहेर बसवणाऱ्याही झाल्या. गंमत अशी की याच काळात पूर्व जर्मनीतल्या बायका उलट्या दिशेने चालल्या होत्या. नोकरी जवळजवळ सगळ्या करायच्या, त्यांनाच पहिला नारळ मिळाला, आणि १९९० ते १९९४ मध्ये तिथला जन्मदर निम्म्यावर आला. आजींची धाकटी लेक त्याच सुमारास म्युनिकला गेली.

काही गोष्टींत मात्र दोन्ही देशांची १९९२-९३ ही वर्षं अंगावर येण्याइतकी जुळतात. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉक-लिश्टेनहागेनमध्ये जमावाने आश्रितांच्या केंद्रावर हल्ला केला आणि व्हिएतनामी कामगारांची इमारत पेटवली. खाली हजारो लोक टाळ्या वाजवत होते, पोलीस मागे हटले होते; आतले शंभरावर लोक छपरावरून निसटले म्हणून वाचले. पुढच्या मे महिन्यात संसदेने आश्रयाचा कायदा कडक केला आणि तीनच दिवसांनी झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबातल्या पाच बायका-मुली जाळण्यात आल्या. आपल्याकडे ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली, मग मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगली, सुमारे नऊशे मृत. मग १२ मार्च १९९३ चे स्फोट, २५७ मृत. स्फोटांचा खटला चालला, शिक्षा झाल्या. दंगलींसाठी श्रीकृष्ण आयोग बसला, १९९६ च्या जानेवारीत युती सरकारने तो गुंडाळला, मे मध्ये पुन्हा नेमला, १९९८ ला अहवाल आला आणि मुख्यमंत्री मनोहर जोशींनी तो हिंदूविरोधी म्हणून बाजूला सारला. नंतरच्या काँग्रेस आघाडीच्या सरकारांनीही त्याची धूळ फारशी झटकली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की बेपत्ता १६८ जणांपैकी ज्यांच्या वारसांना भरपाई पोचलेली नाही, त्यांना शोधा. साठ कुटुंबांनाच मिळाली होती. तीस वर्षांनी!

जर्मनीला यातही शंभर गुण देता येत नाहीत. रोस्टॉकच्या आरोपींपैकी शेवटच्यांना २००२ मध्ये, दहा वर्षांनी, शिक्षा झाल्या त्याही निलंबित. वर्धापनदिनाला फुलं वाहिली म्हणजे न्याय होत नाही. आणि पूर्वेचा तो जुना सल कुणी खरोखर काढला नाही, त्याचं पीक कोण घेतंय तेही दिसतंच आहे. २०२४ ला आमच्या सॅक्सनी राज्याच्या विधानसभा निवडणुकीत स्थलांतरविरोधी एएफडी पक्षाला तीस टक्क्यांवर मतं पडली. त्यांतल्या तरण्या मतदारांचा ट्रॉयहांड संपली तेव्हा जन्मही नव्हता. सल वारशाने मिळतो, आणि रागाचं तोंड फिरतं ते कारखाना घेणाऱ्याकडे नाही, माझ्यासारख्याकडे. ट्रॅममध्ये मला हे कधीकधी कळतं. गिरणगावातल्या बेकार पोरांचा राग नव्वदमध्ये कुणी कुणाकडे वळवला, हे आठवलं की पुढचं सांगायला नको.

शेवटी मंडलचं. ७ ऑगस्ट १९९० ला व्ही. पी. सिंगांनी घोषणा केली, १६ नोव्हेंबर १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींचे २७ टक्के मान्य केले आणि एकूण पन्नासची मर्यादा घातली. मराठा आरक्षणाची आजची सगळी ओढाताण त्याच मर्यादेवर अडते. आमच्या इथल्या मराठी मंडळींत या विषयावर एकमत आहे. ‘मेरिट मारलं म्हणून तर आपण बाहेर आलो.’ गेल्या दिवाळीच्या जेवणाला आमचा एक पूर्व जर्मन सहकारी आला होता. तो सांगत होता, पूर्वेचे लोक देशात पाचवा हिस्सा, पण न्यायालयं, सैन्य, विद्यापीठं, मोठ्या कंपन्या, कुठेही वरच्या खुर्चीत पश्चिमेचाच माणूस, आमच्या विद्यापीठांतसुद्धा. म्हणून पूर्वेच्या लोकांसाठी कोटा हवा, अशी मागणी इथे बरीच वर्षं चालू आहे. टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच आहे, एक जण म्हणाला, ओळखीपाळखीशिवाय वर कोण घेतं? मी म्हटलं, मग मंडलमध्ये काय चुकलं? ‘ते वेगळं आहे रे,’ तीन-चार जण एकदम म्हणाले.

वेगळं आहे, कबूल. पूर्व जर्मनांचं मागे पडणं १९४९ पासून धरलं तरी जेमतेम पाऊणशे वर्षांचं आहे, आणि त्यांची जात कुणी विचारली नव्हती.