हायब्रीड गाडी आणि 'पाच लाखांचा खड्डा'

सध्या कोल्हापुरात ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "हायब्रीड घेऊ नका. पाच वर्षांत बॅटरी जाते, पाच लाखांचा खड्डा पडतो. जादा मोजलेले पैसे पेट्रोलमधून कधीच वसूल होत नाहीत. आपल्याकडे मेकॅनिक नाही आणि विकताना गिऱ्हाईक मिळत नाही."

हायब्रीड म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड दिलेली गाडी. आधी बॅटरी. पाच लाखांचा आकडा इलेक्ट्रिक गाडीवरून उचललेला दिसतो. टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रीडमधली (म्हणजे नुसत्या विजेवरही थोडी पळू शकणारी) बॅटरी जेमतेम 0.76 युनिटची. टाटाच्या पहिल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनची 30.2 युनिटची होती, म्हणजे जवळजवळ चाळीसपट. शिवाय गाडी ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण उतरू देत नाही, त्यामुळे ती मोबाइलसारखी लवकर मान टाकत नाही. टोयोटा, मारुती, होंडा तिघांचीही बॅटरीवर वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, आधी जे होईल ते. पंचगंगेच्या पुरात गाडी बुडाली तर मात्र वॉरंटी कामाची नाही, विमाच हवा. पण ते साध्या गाडीलाही लागू आहे.

आता वसुली. इथे मेसेज अर्धा खरा आहे. हिशेब करताना लोक हायब्रीडची तुलना सर्वांत स्वस्त मॅन्युअल मॉडेलशी करतात, ते चूक. हायब्रीड ऑटोमॅटिक असते, तेव्हा समोर ऑटोमॅटिकच धरा. समजा फरक अडीच लाखांचा, पेट्रोल 105 रुपये, हायब्रीड लिटरला 22 आणि साधी 14 देते. वर्षाला 10,000 किलोमीटर रनिंग असेल तर साधारण 27,000 रुपये वाचतात. वसुलीला नऊ वर्षं. रनिंग 20,000 असेल तर साडेचार-पाच वर्षं. राजारामपुरीतून महाद्वार रोडला जाऊन परत येणं एवढंच काम असेल, तर माझ्या मते साधी पेट्रोलच घ्या. पण गंमत अशी की दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत हायब्रीडचं मायलेज साध्या गाडीच्या कितीतरी पुढे जातं, आणि पुणे-बंगळूर हायवेवर एका वेगाने पळवली की तो फरक आटतो. म्हणजे तिच्यासाठी खरं गिऱ्हाईक गावातच दिवसभर फिरणारं.

एक घोळ वेगळाच. 'स्मार्ट हायब्रीड' म्हणून विकलेल्या जुन्या सियाझ-अर्टिगा माइल्ड हायब्रीड आहेत. त्या नुसत्या विजेवर पळत नाहीत. त्यांचं मायलेज दाखवून सगळ्या हायब्रीडला नावं ठेवणं बरोबर नाही.

मेकॅनिकचं म्हणाल तर जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना उद्यमनगरातल्या साध्या गॅरेजवाल्याने हात लावू नये, हे खरं. तिथे सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं. पण ऑइल, सस्पेन्शन, टायर नेहमीसारखेच. टोयोटाच्या पद्धतीत क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर नाहीत, म्हणजे ते बिघडायचा प्रश्नच नाही. ब्रेक पॅडही जास्त टिकतात, कारण वेग कमी करायचं बरंच काम मोटरच करते. मागच्या सीटजवळची बॅटरीच्या हवेची जाळी तेवढी साफ ठेवायची, तिच्यावर पिशव्या रचायच्या नाहीत.

राहिला विक्रीचा मुद्दा. हायरायडर, ग्रँड विटारा 2022 साली आल्या. दहा वर्षं वापरलेली एकही अजून बाजारात नाही, मग गिऱ्हाईक मिळत नाही हे मेसेज लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?