आधी पार्श्वभूमी, मग जमलं तर वाङ्मय

एम. ए. मराठीला प्रवेश घेतल्यावर बहुतेक मुलं पहिल्याच आठवड्यात एक चूक करतात. ग्रंथालयात जातात. तुम्ही जाऊ नका. कॉलेजच्या दाराबाहेर झेरॉक्सचं दुकान असतं, तिथे 'मराठी वाङ्मयाचा इतिहास' नावाचा पिवळ्या पुठ्ठ्याचा गठ्ठा मिळतो. स्पायरल बाइंडिंगचे पैसे वेगळे. ७०० वर्षांचं वाङ्मय १२० पानांत आणि त्यातली ३० पानं मागच्या प्रश्नपत्रिकांची, म्हणजे सगळ्यांत वाचनीय.

हा गठ्ठाही पूर्ण वाचायचा नाही. पार्श्वभूमीचा एकच परिच्छेद पाठ करा: 'तत्कालीन समाजात कर्मकांड बोकाळले होते. अंधश्रद्धा, जातिभेद यांनी समाज पोखरला होता. स्त्रीशूद्रांची स्थिती दयनीय होती. अशा काळात ______ यांचा उदय झाला.' मोकळ्या जागेत चक्रधर घाला, एकनाथ घाला, फुले घाला, आगरकर घाला. परिच्छेदाला काही होत नाही. सात शतकं समाज एकाच जागी पोखरला जातोय आणि दर वेळी कुणाचा तरी उदय होतोय. परीक्षकानेही विद्यार्थी असताना हाच परिच्छेद लिहिलेला असतो, त्यामुळे तपासताना त्याला घरच्यासारखं वाटतं.

सनावळीत मात्र सांभाळा. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. एवढं गणित जमलं नाही म्हणून एकाने शके १२१२ची ज्ञानेश्वरी सरळ इसवी सन १२१२ साली लिहून काढली. ज्ञानदेवांचा जन्म परंपरेप्रमाणे १२७५चा, म्हणजे जन्माच्या ६३ वर्षं आधी ग्रंथ तयार. त्याला गुण मिळाले. पुढे 'यातून ज्ञानदेवांची अलौकिक प्रतिभा दिसते' असं लिहिलं होतं ना.

लीळाचरित्राला आपण 'आद्य मराठी गद्यग्रंथ' म्हणतो. तो वाचायच्या भानगडीत पडू नका, पण त्याची हकीकत तुमच्या कामाची आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांचे शिष्य म्हाइंभटांनी माणसामाणसाला गाठून, विचारून, पडताळून जमवल्या. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती आठवून आठवून पुन्हा लिहिली, असं पंथाची परंपरा सांगते. मूळ ग्रंथ समोर नसताना आठवून लिहिणे! आपली परीक्षापद्धती किती प्राचीन आहे बघा. फरक इतकाच की त्यांनी तो आधी कधीतरी वाचला होता.

मग महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत बंद केले. त्यातली सकळ लिपी इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडली तेव्हा विसावं शतक उजाडलं होतं. तोवर पंथाबाहेरच्या मराठी लेखकाला हा खजिना जवळपास बंदच. आधुनिक कवितेचे प्रवर्तक केशवसुत १९०५ साली गेले, त्यांच्या हाती तो कुठून पडणार? पण फळ्यावरच्या तक्त्यात लीळाचरित्रापासून निघालेला बाण यादवकाल, पंडिती काव्य, शाहिरी, बखर असा थेट आधुनिक काळापर्यंत जातो. तुम्हीही काढा. स्केचपेनने काढला तर उठून दिसतो.

लिहिलं एका काळात आणि वाचलं गेलं दुसऱ्याच काळात, असे बरेच ग्रंथ निघतात. कोणत्या खान्यात टाकायचे, असा प्रश्न मनात आलाच तर पाणी प्या. महात्मा फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५चं. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं आणि छापील रूपात लोकांपुढे यायला सुमारे सव्वाशे वर्षं गेली. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२चं. ते विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. माळशे यांनी पुन्हा छापलं. मग ते एकोणिसाव्या शतकाचं पुस्तक की आणीबाणीच्या वर्षाचं? मधली ९० वर्षं ते कुठल्या 'प्रवाहात' होतं? काळजी नको. विद्यापीठाने अशांसाठी स्वतंत्र कालखंड काढला आहे. त्याचं नाव 'टिपा लिहा (कोणत्याही दोन)'. पाच गुण. ताराबाई ऑप्शनला टाकता येतात.

बहिणाबाईंची गंमत आणखी वेगळी. बहिणाबाई दोन आहेत. एक सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. दुसऱ्या जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी, अक्षरओळख नसलेल्या. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यानंतर १९५२ साली संग्रह निघाला. पण दोघींची एकच बाई करणं वेळ वाचवणारं आहे. 'तुकारामांकडून उपदेश घेऊन बहिणाबाईंनी खानदेशी बोलीत काव्यरचना केली' हे वाक्य मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याखाली लाल शाईची बरोबरची खूणही पाहिलीय. अडीचशे वर्षांचं अंतर एका टिकमार्कात.

दुसऱ्या बहिणाबाईंनी खरा घोटाळा केला तो तारखेत. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७च्या, म्हणजे तक्त्याप्रमाणे नवकाव्य, महानगर, यंत्रयुग, विफलता. पाच वर्षांनी शेतात नि जात्यावर गाणाऱ्या बाईचं पुस्तक येतं. एकाच वाचकाच्या उशाशी दोन्ही असू शकतात! सरांना हे विचारू नका. एकीने विचारलं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बाळ, तो लोकसाहित्याचा पेपर. चौथ्या सत्रात."

इतकं सगळं सांगूनही कधी पाऊस म्हणून, कधी लाइट आहे म्हणून तुम्ही ग्रंथालयात जालच. ताराबाईंचं पातळसं पुस्तक हाती लागेल. सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावर पुण्याच्या वर्तमानपत्राने बायकांनाच बोल लावले, म्हणून बुलढाण्याची ही बाई भडकून लिहायला बसली. दोन पानं चाळायची म्हणून उभ्या उभ्या घ्याल आणि खुर्ची ओढाल. पार्श्वभूमीच्या परिच्छेदातली 'दयनीय' बाई इथे चांगली कडकडून भांडतेय, हे लक्षात येईल. तसं झालंच तर पुस्तक घरी न्या, पण काउंटरवर जपून बोला. मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का फार जुना असेल. ग्रंथपाल बाई तो बघतील, मग तुमच्याकडे बघतील आणि विचारतील, "कुठल्या पेपरला लागलंय?"

टीप क्रमांक तीन, असं सांगा.