नाव खोडलं तरी वैद्यकीय रिपोर्ट निनावी होत नाही : माझ्याच पोस्टबद्दल खुलासा

‘रिपोर्टवरचं नाव खोडा आणि बिनधास्त ग्रुपवर टाका, कुणाचा आहे ते कळत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो माझ्या जुन्या पोस्टमधून उचललेला आहे. ती पोस्ट चुकीची होती, मी ती काढून टाकली आहे.

माणूस ओळखायला नावच लागतं असं नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात लतान्या स्वीनी या संशोधक विद्यार्थिनीने मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या, नावं काढलेल्या वैद्यकीय नोंदी मिळवल्या. २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली. दोन्हींतली जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ताडून पाहिल्यावर खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद हाती लागली. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार सहा, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडचे ते एकटेच!

आपल्या हातातला रिपोर्ट तर याहून बोलका असतो. कोपऱ्यातला क्यूआर कोड स्कॅन केला की कधीकधी पूर्ण रिपोर्ट उघडतो. मोबाइलच्या मार्करने नाव काळं केलं, तरी फोटोचा ब्राइटनेस वाढवल्यावर अक्षरं दिसू शकतात. हे मी स्वतः करून पाहिलं आणि हादरलो. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ठेवली असेल, तर खालचा मजकूर सरळ कॉपी होऊ शकतो.

सल्ला हवाच असेल तर हवे तेवढे आकडे टाइप करून विचारा, फोटो टाकू नका. दुसऱ्याचा रिपोर्ट असेल तर आधी त्याला विचारा. आणि तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.