दुधाचे दात पडणारच, मग जपायचे कशाला? काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

लहान मुलांचे दात कसे जपावेत या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: दुधाचे दात पडायचेच, त्यांच्यामागे एवढा खटाटोप कशाला. तुमच्या पिढीने राखुंडीने दात घासले, कुणाचं काही अडलं नाही. घरच्या आंबापोळीला चॉकलेटच्या पंगतीत बसवणं चूक आहे. आणि ट्यूबवर ‘गिळू नये’ छापलेलं असताना दोन वर्षांच्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट लावायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. नातवाच्या वरच्या दातांवर पांढरे डाग दिसतात, ते दुधाचेच असणार, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याकडे शेवटी येते.

आधी पेस्ट, कारण तिथे माझी चूक आहे. लेखात मी सरसकट ‘वाटाण्याएवढी’ लिहिलं होतं. ते प्रमाण तीन वर्षांपुढच्या मुलांचं. त्याआधी, पहिला दात दिसल्यापासून, तांदळाच्या दाण्याएवढीच. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता विषाचा हिशोब. १००० पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) पेस्टमध्ये एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट भरते साधारण ०.१ ग्रॅम. दोन्ही वेळची सगळी गिळली तरी पोटात जातं ०.२ मिलिग्रॅम. तातडीने दवाखाना गाठायला हवा अशी मर्यादा वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे १२ किलोच्या मुलाने ६० ग्रॅम पेस्ट एका वेळी खाल्ली तर. ‘गिळू नये’ ही सूचना खरीच आहे. ट्यूब फळीवर उंच ठेवा आणि पेस्ट मोठ्यांनीच ब्रशवर लावा. रोज जास्त पेस्ट गिळली गेली तर पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे ठिपके उमटू शकतात, म्हणून तर दाण्याचं माप. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, तिथे पेस्ट डॉक्टरांना विचारून ठरवावी. तुमच्या विहिरीबद्दल शंका असेल तर पाणी तपासून घ्या, लिटरला १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. लहान मुलांची म्हणून विकतात त्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा निम्मं असतं. खोक्याची मागची बाजू वाचा. मोठ्यांची साधी १००० पीपीएमची पेस्ट, तेवढ्याच मापाने, चालते.

राखुंडी भरड असते, ती दात घासते आणि झिजवतेही, पण दाताला परत काही देत नाही. फ्लोराइड आम्लाने विरघळू लागलेल्या दाताच्या कवचात खनिज पुन्हा बसवायला मदत करतं. मशेरीबद्दल मात्र मी कडकच बोलणार. ती भाजलेली तंबाखू आहे. मशेरी लावलेलं बोट बाळाच्या हिरड्यांना लागता कामा नये.

पण राखुंडीपेक्षा मोठा फरक खाण्याच्या वेळांत आहे, आणि आंबापोळीचा मुद्दाही इथेच येतो. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की कवचातलं खनिज विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो. सकाळी पेज, दुपारी भात-आमटी, संध्याकाळी काहीतरी, रात्री जेवण, असं असलं की लाळेला वेळ मिळतो. चहात बुडवलेलं बटर, मग बिस्किट, मग शेजारच्या घरात खाजाचा तुकडा, मग खोक्यातला ज्यूस, असं दिवसभर चाललं की मिळत नाही. आंबापोळी, फणसपोळी घरची असली तरी ती आटवलेली साखर आहे आणि दाढांच्या खाचांत चिकटून बसते. खडखडे लाडवातल्या गुळाचंही तेच, जंतूंना गूळ आणि साखर सारखेच. बंद करा असं मी म्हणतच नाही. जेवणाबरोबर द्या, वर पाणी पाजा, आणि मधल्या वेळी डबा पोराच्या हाती लागू देऊ नका. गणपतीतही पंचखाद्य आरतीनंतर एकदाच.

रात्र सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळ कमी होते. साखर घातलेलं दूध किंवा नाचणी सत्त्व बाटलीने पीत मूल झोपलं की ते वरच्या पुढच्या दातांभोवती साचतं. खालचे पुढचे दात जिभेमुळे आणि लाळेमुळे बहुधा वाचतात. म्हणून कीड वरून सुरू होते.

दुधाच्या दाढा पडतात नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. तीन वर्षांच्या मुलाला त्यांच्यावर आणखी सात-आठ वर्षं जेवायचं आहे. त्यांचं कवच पातळ, म्हणून कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते. दाढ अकाली काढावी लागली तर सहाव्या वर्षी मागे येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि मधल्या दातांची जागा खाते. ती दाढ कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे घरोघरी तिला दुधाचीच समजतात.

घासायचं कसं, ते लेखात घाईत उरकलं होतं. मुलाला आडवं करा, डोकं तुमच्या मांडीवर, पाय आईच्या मांडीवर. बोटाने वरचा ओठ उचला. ओठाच्या आत मधोमध एक नाजूक पडदा असतो. ब्रश त्याला लागला की मूल किंचाळतं आणि दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. त्यावर बोट आडवं धरा. हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर छोटे गोल फिरवा, दाढांची गालाकडची बाजू विसरू नका. दाढा एकमेकींना चिकटून असतील तर मध्ये फ्लॉसचा दोरा घाला, तिथे ब्रश जात नाही. फेस फडक्याने टिपा, चूळ भरायला लावू नका. सकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा, त्यानंतर फक्त पाणी. सात-आठ वर्षांपर्यंत हे मोठ्यांनीच करायचं.

दुखणाऱ्या दातात लवंगेचं तेल घालू नका, लहान मुलाने ते गिळलं तर झटके येऊ शकतात. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आता नातवाचे डाग. खिडकीच्या उजेडात ओठ उचला, दात कोरड्या सुती फडक्याने पुसा. पुसल्यावर गेले तर ते दूध किंवा किटण. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ राहिली तर ती किडीची पहिली पायरी, आणि ती वेळीच थांबवता येते: रात्रीची बाटली बंद, दोन वेळा पेस्ट, आणि दंतवैद्याकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप. तपकिरी खड्डा पडला असला तरी प्रत्येक वेळी ड्रिल लागत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावून कीड थांबवता येते, डाग मात्र काळा पडतो. हे औषध २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. गावात दंतवैद्य नाही, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. सेविकाताईंना तारीख विचारून ठेवा, आणि त्या दिवशी डॉक्टरांना सांगा, ‘याचा वरचा ओठ उचलून बघा.’