‘फुकट खाऊन आळशी झाले’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोरोनाकाळातल्या मोफत जेवणावरचा एक मेसेज आमच्या बेळगावच्या ग्रुपांवर अजून फिरतोय. म्हणणं असं: फुकट खाऊन लोक आळशी झाले, रेशन मिळत असताना शिजवलेलं कशाला हवं होतं, रांगेत मोटारसायकलवाले होते, आणि अन्न वायाच गेलं.

आळसाचं आधी बघू. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. वडगाव-शहापूरचे माग विणकरांनी काही कंटाळून थांबवले नव्हते. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती हजार विड्यांवर. पान-तंबाखूच आली नाही तर ती वळणार काय? काम बंद सरकारच्या हुकमानं आणि आळशी मात्र मजूर! पलीकडे महाराष्ट्रात शिवभोजन थाळी एप्रिल २०२१ पासून मोफत होती, १ ऑक्टोबरपासून परत १० रुपये झाली. दहा रुपये मोजून जेवणारे तेव्हाही होतेच.

रेशनचा मुद्दा वरवर पटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. केंद्राच्या गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळायचं. दिवसाचे झाले साधारण १६७ ग्रॅम, तेही कोरडे. तेल, तिखट, सिलिंडर कुठून आणायचा? घरात सगळेच तापानं आडवे असतील तर चुलीपुढं कोण बसणार? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं कार्ड बऱ्याचदा गावाकडं, कधी चंदगडचं तर कधी कागलचं. महाराष्ट्राचं कार्ड कर्नाटकात चालण्याची सोय १ जानेवारी २०२० पासून आहे, मान्य. पण मशीनवर अंगठा जुळायला हवा आणि दुकानदारानं नाही म्हणायला नको. त्यात अर्ज कानडीत आला, तर खानापूरकडची मराठी म्हातारी तो कुणाकडून वाचून घेणार, तेही बंद काळात? (आमच्याकडं ही अडचण कोरोनाच्या आधीपासूनची.) भाताच्या डब्याला अर्ज लागत नाही.

मोटारसायकलवाल्यांचं म्हणाल तर गाडी हप्त्यावर घेतलेली असते. पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही. गाडीच्या हँडलला चार डबे अडकवलेले दिसले, म्हणजे तो एकटा चौघांचं खायला आला होता असं थोडंच आहे? घरची माणसं रांगेत आली नाहीत हे त्या दिवसांत चांगलंच नव्हतं का? एरवी कर्नाटक सरकारच्या इंदिरा कँटीनमध्ये नाष्टा ५ रुपयांत आणि जेवण १० रुपयांत मिळायचं. मे २०२१ मध्ये राज्य सरकारनं तेही मोफत केलं, कारण काहींच्या खिशात तेवढेही उरले नव्हते.

अन्न वाया गेलं, हे मात्र काही ठिकाणी खरं आहे. एकाच चौकात दोन मंडळांच्या गाड्या लागायच्या आणि आतल्या गल्लीत एकही फिरकायची नाही. पण त्यावर उपाय म्हणजे आदल्या दिवशी एकमेकांना एक फोन करून गल्ल्या वाटून घेणं. त्यासाठी जेवणच बंद करा म्हणणं मला तरी पटत नाही.