उपनदी म्हणजे नदीला फुटलेला फाटा नव्हे

‘उपनदी म्हणजे मोठ्या नदीतून फुटणारी शाखा, म्हणून भीमा कृष्णेतून निघते’ असा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

उपनदी मोठ्या नदीला येऊन मिळते, तिच्यातून निघत नाही. भीमा उगम पावते भीमाशंकरला आणि कृष्णेला मिळते ती थेट रायचूरजवळ. नीरा भीमेला मिळते नरसिंगपूरला, पंचगंगा कृष्णेला नरसोबाच्या वाडीला. अशा भेटीच्या जागेला आपण संगम म्हणतो, आणि बहुधा तिथे देऊळही असतंच!

मूळ प्रवाहातून फुटून वेगळ्या वाटेने जाणारी ती वितरिका. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमनंतर गोदावरीचे गौतमी आणि वसिष्ठा असे फाटे होतात, ते या प्रकारातले. गोंधळ बहुधा ‘शाखा’ या शब्दाने केला असावा. झाडाच्या फांद्या खोडातून फुटतात, नदीच्या बाबतीत पाणी उलट फांद्यांकडून खोडाकडे येतं.

‘उप’ म्हणजे किरकोळ, असंही नाही. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता चांगली ऐसपैस आहे, तरी ती गोदावरीची उपनदीच. ओहोळ, ओढा, कोकणातला पऱ्ह्या ही त्याहून धाकटी मंडळी.